फाटकमामांच्या नजरेचा टप्पा

आभाळात आमचं ड्रोन असताना फाटकमामा कुणाकडेही बघत नसत. जिल्हाधिकारी साहेब शेजारी येऊन उभे राहिले असते, तरी त्यांना मामांचा डावा कान बघूनच परत जावं लागलं असतं. पाय रोवलेले, मान वर, उजव्या हातात रेल्वेचा जुना हिरवा झेंडा, लाल झेंडा कमरेला खोचलेला. चहा आला की डावा हात बाजूला लांब करायचा आणि पंजा उघडा ठेवून थांबायचं, ही त्यांची रीत. कप त्या पंजात नीट बसवून द्यावा लागे. एकदा कुलकर्णी सरांनी गंमत म्हणून कप चार बोटं अलीकडे धरला, तर मामांचा हात हवेतच चाचपडत राहिला, पण मान काही हलली नाही. आम्ही दोघं पोट धरून हसलो. "मामा, एकाग्रता असावी तर अशी," असं मी म्हणालोही. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. का, ते पुढे येईलच.

मी चष्मेवाला. मूळचा लातूरचा. आमच्या घरात आजोबांचं कापडाचं दुकान, वडिलांचं भांड्यांचं, आणि मी नांदेडला येऊन वजिराबादेत चष्म्याचं थाटलं. "भांडं पडलं तर पोचा पडतो, काच पडली की गेली. सांभाळून कर," एवढाच उपदेश वडिलांनी केला होता. चाळिशी उलटली की माणसाला एखादा नाद लागतो. कुणी भजनीमंडळात जातो, कुणी प्लॉट बघत हिंडतो. मला ड्रोनचा लागला आणि तो लावला कुलकर्णी सरांनी. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि घरी सुटे भाग जोडून ड्रोन तयार करायचे. दोन वितींचं, चार पंख्यांचं, दीड किलोच्या आतलं यंत्र. डोळ्यांवर जाड गॉगल चढवला की त्याच्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. आपण स्टुलावर बसलेले असतो आणि मन शेतांवरून, ओढ्यांवरून चाललेलं असतं. हे सुख मी कितीही समजावलं तरी माझ्या बायकोला पटलं नाही. तुम्हाला पटलं नाही तरी माझं काही म्हणणं नाही.

या सुखाला एक अट आहे. ड्रोन नजरेच्या टप्प्यातच ठेवायचं, म्हणजे जमिनीवरून उघड्या डोळ्यांनी दिसेल इतपतच लांब न्यायचं, असा नियम आहे. गॉगल लावणाऱ्याला तर स्वतःचे बूटसुद्धा दिसत नाहीत. म्हणून त्याच्या शेजारी दुसऱ्या माणसाने उभं राहून नजर ठेवायची, ही आमची शिस्त. यंत्र मात्र पाच-सहा किलोमीटर जाऊ शकतं. सगळा मोह असतो तो या दोन अंतरांच्या मधल्या जागेत. विमानतळामुळे नांदेडच्या आसपास उडवायची सोय नव्हती. सर सरकारी नकाशावर उडवायला मोकळीक असलेला हिरवा पट्टा शोधत बसायचे. असा एक माळ त्यांना मुदखेडच्या बराच पुढे सापडला. दर रविवारी सकाळी आम्ही तिथे जाऊ लागलो.

पहिल्याच रविवारी मी गॉगल लावून बसलो होतो. ज्यांनी वर बघायचं ते सर डब्यातला चुरमुऱ्यांचा सुशीला खाण्यात गुंतले होते. कानाजवळ खणखणीत आवाज आला, "वर गाडी हाय आन् बघायलंय कोण?"

मी दचकून म्हटलं, "सर बघताहेत."

"सर डब्यात बघायलेत," आवाज म्हणाला. "आता उगं घाबरून उतरवू नका. मी बघतो. चालू द्या."

ड्रोन परत येऊन जमिनीला टेकेपर्यंत तो आवाज माझ्या शेजारून हलला नाही. गॉगल काढला तेव्हा समोर एक उंच, वाळकासा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. ड्रोनभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "चारी पंखे हायेत. गाडी पूर्ण." आणि आमचं नावगाव न विचारता सरांच्या डब्यातला सुशीला खायला बसला.

मामा रेल्वेचे फाटकवाले. जवळच्याच फाटकावर तीस वर्षं काढलेली. रुळांखालून रस्ता निघाला, फाटक बंद झालं आणि त्याच सुमारास मामा निवृत्त झाले. मामी आधीच वारल्या होत्या, एकुलती मुलगी सुनंदा रेणापूरला दिलेली. गावातल्या घरात एकटेच असायचे. फाटकवाल्याचं काम म्हणजे फाटक लावायचं आणि उघडायचं, अशी माझी समजूत होती. ती त्यांनी पहिल्याच महिन्यात मोडून काढली. "फाटक कुणीबी लावतंय, अप्पा. काम बघायचं हाय," ते म्हणायचे. मी लिंगायत घरातला, म्हणून वयाने वीस वर्षांनी लहान असूनही त्यांनी मला अप्पा करून टाकलं होतं. गाडी येताना झेंडा घेऊन बाहेर उभं राहायचं, एकेक डबा नजरेखालून घालायचा. चाकातून धूर निघतोय का, साखळी लोंबतेय का, दार उघडं राहिलंय का. मग शेवटच्या डब्यामागची पाटी दिसली, म्हणजे गाडी मध्ये कुठे तुटली नाही, पूर्ण आली, असं मनाशी म्हणायचं आणि मगच आत जायचं. ऊन असो, पाऊस असो, आत तव्यावर भाकरी करपत असो. "तीस वर्सांत शेवटचा डबा बघितल्याबिगर मी आत गेलो न्हाई," हे ते आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. आम्ही भेटायचोच आठवड्यातून एकदा.

मी उडवायला लागलो की शेजारून दर थोड्या वेळाने त्यांची हाळी यायची, "दिसायलंय... दिसायलंय..." चारशे मीटरच्या आसपास ती बदलायची. "दिसंना. फिरवा." असं आलं की फिरवायचं. त्यात सूट नाही.

मी हुज्जत घालायचो. "मामा, मला सगळं स्वच्छ दिसतंय. पुढे तळं आहे, बगळे बसलेत."

"तुम्हाला तळं दिसायलंय. तळ्यावरल्या माणसाला तुम्ही दिसायलाव का?"

"अहो, शंभर मीटर फक्त."

"ज्याच्या डोस्क्यावर पडंल, त्याला मीटर सांगा."

एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्ही माझे मामा आहात की माझ्या बायकोचे?" त्यावर अगदी शांतपणे म्हणाले, "मी फाटकाचा हाय." सर हसून हसून खाली बसले. मला मात्र राग यायचा. मोबाइलवर लोकांचे दहा-दहा किलोमीटरचे व्हिडिओ बघून मी जळायचो. एकदा, फक्त एकदा, मला त्या तळ्यापलीकडे जायचं होतं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने असलं स्वप्न बाळगावं हे हास्यास्पद आहे, पण होतं ते होतं.

पहिल्या वर्षी दूर रुळावरून गाडी गेली की मामा पटकन मान वळवायचे, शेवटचा डबा बघायचे आणि पुन्हा आभाळात ड्रोन पकडायचे. दुसऱ्या वर्षी ते वळेनासे झाले. गाडी धडधडत निघून जायची आणि मामा जागचे हलायचे नाहीत. सर म्हणाले, "आता मामा रेल्वेचे राहिले नाहीत, आपले झाले." ऐकून मला बरं वाटलं होतं. त्याच सुमारास मी त्यांना दुकानात बोलवायला लागलो. वय झालंय, एकदा नंबर तपासून घेऊ, फ्रेम माझ्याकडून. दर वेळी नवं कारण. कधी गुडघा धरलेला, कधी सुनंदा येणार असलेली. एकदा म्हणाले, "तुमच्या दुकानात चारी भिंतींनी चष्मेच चष्मे. समदे मपल्याकडंच बघायलेत असं वाटतंय." मी हसून सोडून दिलं. वीस वर्षं लोकांचे डोळे तपासणारा माणूस मी, आणि मी हसून सोडून दिलं.

मग तो रविवार आला. दिवाळी चार दिवसांवर होती, त्या भागातल्या फुलशेतीत झेंडूची तोडणी चालली होती. वारा जरा जास्तच होता. सर म्हणाले, आज नको. मी म्हटलं, आलोच आहोत तर एक फेरी. ड्रोन वर गेलं, मामांची हाळी सुरू झाली. अडीचशे-तीनशे मीटरवर असताना वाऱ्याचा झोत धूळ घेऊन आला. मामा खोकले, दोन-चार क्षण गप्प झाले. मग आवाज आला, "दिसायलंय."

चारशे झाले. मी सवयीने 'दिसंना' ऐकायच्या तयारीत होतो. "दिसायलंय." पाचशे. सहाशे. तळं खालून सरकलं, बगळे उठले. "दिसायलंय, दिसायलंय," मामांचा आवाज अगदी खुशीत होता. गॉगलच्या कोपऱ्यात अंतराचा आकडा असतो. तिथे मी नऊशे वाचलं. नऊशे मीटरवरचं दोन वितींचं यंत्र कुठल्याही माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. हे मला, चष्मेवाल्याला, कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही मी गप्प बसलो. मला हवी असलेली परवानगी मामांच्या तोंडून निघत होती, आणि ती कशी निघतेय हे मला विचारायचं नव्हतं.

परत फिरवलं तेव्हा कळलं की इतका वेळ आपण वाऱ्याच्या पाठीवर बसून गेलो होतो. आता वारा समोरून होता. बॅटरी भराभर उतरत होती, अंतर मात्र कमी होत नव्हतं. सातशेच्या आसपास ड्रोन खाली बसू लागलं. खाली केशरी शेत, त्यात वाकलेली माणसं.

"मामा, नीट बघा! कुणाच्या अंगावर तर जात नाही ना?" मी ओरडलो.

"अंगावर कायले जाईल? खाली माळ मोकळा हाय. तुमच्या डोस्क्यावर तर हाय, अप्पा! काय झोकात फिरायलंय!"

मी एका हाताने गॉगल वर केला. मामा मान वर करून, हिरवा झेंडा हलके हलके हलवत, आमच्या डोक्यावर गिरक्या घेणाऱ्या एका घारीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की क्षणभर मी तिकडेच बघत राहिलो. गॉगल पुन्हा खाली ओढला तोवर चित्र गेलेलं होतं.

आम्ही धावत सुटलो. झेंडूच्या शेतात सात-आठ बायका घोळका करून उभ्या होत्या. एका बाईच्या टोपलीपासून दोन हातांवर ड्रोन सरीत रुतलं होतं. टोपली लवंडलेली, बाई कपाळाला हात लावून खाली बसलेली. तिला लागलं नव्हतं. पण तिच्या शेजारची बाई माझ्यावर कडाडली, "बांधावर झोळीत मपलं लेकरू निजलंय. तिथं पडलं असतं मंजे?" मी झोळीकडे बघितलं. फार लांब नव्हती.

मामा मागून येत होते. बांध ओलांडताना अडखळून पडले, उठले, आले, आणि त्या बायकांसमोर हात जोडून उभे राहिले. "माय, बघायचं काम मपलं होतं. चूक मपली हाय. ह्या दोघांना काई बोलू नका." मी म्हटलं, "नाही मामा, तसं नाही." ते म्हणाले, "अप्पा, तुम्ही गॉगलात होता." त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सरांनी ड्रोन मातीतून उपसलं. "पंखे किती हायेत?" मामांनी विचारलं. "दोन," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच मामा पायरीवर हजर. मी त्यांना खुर्चीत बसवलं. समोरची अक्षरांची पाटी त्यांनी अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचली. मला हायसं वाटलं. मग म्हटलं, "आता फक्त माझ्या नाकाकडे बघा. बाजूने पेन आणतो, दिसलं की सांगा." पेन त्यांच्या कानापासून पुढे आणलं. भुवईच्या रेषेत आलं, मामा गप्प. गालासमोर आलं, गप्प. जवळजवळ माझ्या नाकापाशी पोचलं तेव्हा म्हणाले, "हां, आता दिसलं." दुसऱ्या बाजूनेही तेच.

"नळीतून बघितल्यावानी हाय, अप्पा," ते म्हणाले. "साल झालं. नळीत असंल तवर समदं साफ. एकदा सुटलं की सापडंना. म्हणून तर मी मान हालवत नव्हतो."

चहासाठी लांब केलेला तो हात मला आठवला. रुळाकडे न वळणारी मान आठवली. "मग सांगितलं का नाही, मामा?"

"सांगितलं असतं तर रविवारी मला घ्यायला आला असता का?"

मग मला राहवेना. मी म्हटलं, "मामा, मला नऊशेचा आकडा दिसत होता. इतक्या लांबचं कुणालाच दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी जाऊ दिलं."

मामांनी नजर पाटीकडे वळवली. रागावतील असं वाटलं होतं, ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मपले डोळे गेले, अप्पा. तुमचं काय गेलतं?"

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली जपायची, तीही किती टिकेल सांगता येत नाही. सुनंदा महिन्याभरात न्यायला आली. निघताना मामांनी हिरवा झेंडा माझ्या हातात दिला आणि लाल स्वतःच्या पिशवीत ठेवला. मी म्हटलं, "जोडी कशाला मोडता?" तर म्हणाले, "हिरवा दाखवायला डोळे लागतेत. लाल आंधळ्यालाबी दाखवता येतोय." सुनंदा तोंड फिरवून रडली. मी मोठ्या माणसासारखा उभा राहायचा प्रयत्न केला आणि मलाही ते जमलं नाही.

तेव्हापासून मी गॉगल लावला नाही. सर उडवतात, मी शेजारी उभा राहून वर बघतो. लोकांना वाटतं, मी भिऊन सोडलं. तसंही असेल. रविवारी सकाळी ड्रोन उतरलं की मामांचा फोन यायचाच. "किती गेली?" "साडेतीनशे." "बघायला कोण?" "मी." "न्याहरी?" "अजून नाही, मामा." मग समाधानाने फोन ठेवायचे.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात, मी लहान ड्रोन घेऊन रेणापूरला गेलो. ती आमची शेवटची भेट ठरली. पुढच्या पावसाळ्याच्या आतच मामा गेले. मी गेलो तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. सुनंदाच्या घरामागे हरभऱ्याचं रान होतं, तिथे आम्ही उभे राहिलो. मी गॉगलशिवाय, नुसत्या डोळ्यांनी उडवत होतो. मामा माझ्या मागे, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात लाल झेंडा.

"दिसायलंय का?"

"दिसायलंय, मामा."

"दिसायलंय का?"

"दिसायलंय."

ड्रोन सूर्याच्या बाजूला सरकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी पापणी मिटली, उघडली. आभाळात एक काळा ठिपका होता. ते ड्रोन असेल किंवा घार असेल. बहुतेक ड्रोनच असावं. मामांना कळायचा काहीच मार्ग नव्हता, आणि 'दिसायलंय' ऐकून त्यांना होणारा आनंद मोडायला माझी जीभ रेटत नव्हती.

"दिसायलंय का, अप्पा?"

"दिसंना, मामा."

खांद्यावरचा हात घट्ट झाला. लाल झेंडा वर गेला, भलत्याच दिशेला, पण ताठ. "फिरवा," ते म्हणाले. मी फिरवलं. ड्रोन सुखरूप परत आलं. तो ठिपका म्हणजे घारच होती, ती अजून तिथेच फिरत होती. मी मामांचा हात धरून ड्रोनचे पंखे एकेक करून त्यांच्या बोटांना लावून दाखवले. चारी मोजून झाल्यावर त्यांनी मान हलवली. "गाडी पूर्ण."

जेवण करून दुपारी निघालो. मामा अंगणाच्या दारापर्यंत आले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी कारच्या काचेतून हात हलवला आणि मग माझं मलाच वाईट वाटलं. अहमदपूरच्या रस्त्याला लागलो असेन, तेवढ्यात सुनंदाचा फोन. मी कार कडेला घेतली.

"दादा, बाबा आत येईनात. तुमची गाडी दिसेनाशी झाली का म्हणून विचारायलेत. कवाच गेली म्हणलं, तर तू सोता बघितलीस का, म्हणतेत. मी तर आत भांडी घासत होते. काय सांगू?"

"फोन त्यांच्याकडे दे."

मी खाली उतरलो. मागे वळून नीट बघितलं. रस्ता, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, लांबवर एक ट्रॅक्टर. घर कुठेच नव्हतं.

"मामा, मी मागं बघायलोय. तुमचं घर आता दिसंना."

"बरं," मामा म्हणाले. "मग मी आत जातो."